मातीतला जीव ओळखताना

(वसई येथे महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



शिबिराच्या पत्रिकेत ‘मातीतल्या जिवाणूंची ओळख’ हा विषय वाचून तुमच्यापैकी काही जणींनी एकमेकींकडे पाहिलं असणार. सकाळी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोलणं झालं, दुपारी रेशनचा विषय आहे, मग मध्येच हे जिवाणू कुठून उपटले? मी डॉक्टर नाही. मातीतले जिवाणू वेगळे काढायचे, वाढवायचे आणि ते कोण आहेत हे ठरवायचं, हे माझं काम. तरीही आरोग्याच्या सत्रात मला बोलावलं, याला कारण आहे. बाईच्या एका जुन्या आणि सहसा न सांगितल्या जाणाऱ्या दुखण्यावरचं औषध मातीतून आलं. ते दोन बायकांनी शोधलं. आणि ते शोधताना त्यांना आधी एका नव्या जिवाणूला ओळखून त्याला नाव द्यावं लागलं.

दुखणं कोणतं ते स्पष्टच बोलू. अंगावरून पांढरं जाणं, खाज, आग. आपल्या बैठकांमध्ये सगळ्यात शेवटी, चहाचे पेले गोळा करताना हळूच कानात सांगितलं जातं ते.

सुरुवात मातीपासून करते. पहिल्या पावसानंतर येणारा जो वास आपल्या सगळ्यांना आवडतो, त्यात मोठा वाटा जिवाणूंचा असतो. मातीत ‘स्ट्रेप्टोमायसिस’ नावाच्या वंशाचे जिवाणू भरपूर असतात. ते बुरशीसारखे तंतू काढून वाढतात, म्हणून पूर्वी लोकांना ते बुरशीच वाटायचे. ते एक द्रव्य तयार करतात, आणि आपलं नाक ते इतक्या थोड्या प्रमाणात ओळखतं की तिथे यंत्रालाही कष्ट पडावेत. १९६५ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर या बाईंनी ह्युबर्ट लशवालिए यांच्यासोबत ते वेगळं काढलं आणि त्याला ‘जिऑस्मिन’ म्हणजे मातीचा वास असं नाव दिलं. मूठभर मातीत जिवाणूंची संख्या अब्जांत जाते. ते एकमेकांशी भांडतात, एकमेकांना खातात, आणि शेजाऱ्याला दूर ठेवण्यासाठी विषारी द्रव्यं सोडतात. ही द्रव्यं माणसाने उचलली आणि त्यांना अँटिबायोटिक म्हटलं. आज वापरात असलेल्या अँटिबायोटिकांपैकी बरीचशी मूळची या स्ट्रेप्टोमायसिसच्या गोतावळ्यातली आहेत.

आता त्या दोघींकडे येते. एलिझाबेथ ली हेझन यांचा जन्म १८८५चा, मिसिसिपी राज्यातला. आईवडील लहानपणीच गेले, नातेवाइकांनी वाढवलं. शाळेत शिकवत शिकवत त्या पुढे शिकल्या आणि १९२७ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, तेव्हा बेचाळिशीत होत्या. रेचल फुलर ब्राऊन यांचा जन्म १८९८चा. वडील घर सोडून गेले, आईने नोकरी करून दोन मुलं वाढवली, आणि आजीच्या एका मैत्रिणीने रेचलच्या कॉलेजचा खर्च उचलला. शिकागोला त्यांनी प्रबंध दिला, पण तोंडी परीक्षेसाठी थांबायला पैसे नव्हते. नोकरी धरावी लागली, आणि पदवी हातात पडली ती थेट १९३३ साली. या दोघींची माहिती वाचताना मला आपल्याकडच्या कितीतरी जणी आठवतात. शिकण्यात खंड पडलेल्या, पण शिकणं सुटू न दिलेल्या.

दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळांत कामाला होत्या. हेझनबाई न्यूयॉर्क शहरात, ब्राऊनबाई ऑल्बनीला. मध्ये अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर. १९४८ साली त्यांनी एकत्र काम सुरू केलं. त्या काळात पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन नुकतीच हाती आली होती आणि त्यामागोमाग एक नवा त्रास उभा राहिला होता. ही औषधं जिवाणू मारतात, बुरशीला काही करत नाहीत. आपल्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात चांगले जिवाणू असतात. योनिमार्गातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि बुरशीला आवर घालतात. ते मेले की बुरशीचं फावतं. न्यूमोनिया बरा झाला, पण तोंडात आणि योनीत बुरशी माजली, असे रोगी डॉक्टरांसमोर येऊ लागले. माणसाला अपाय न करता बुरशीला मारेल असं सुरक्षित औषध तेव्हा नव्हतं.

त्यांची कामाची रीत आपल्या बायकांना लगेच कळेल. हेझनबाई ठिकठिकाणची माती जमवायच्या. त्यातले जिवाणू वेगळे करून दोन प्रकारच्या रोगकारक बुरशींवर ते चालतात का ते पाहायच्या. त्यातली एक कॅन्डिडा. पांढरं जाण्यामागे बऱ्याचदा तीच असते. ज्याने बुरशी मारली तो जिवाणू मुरांब्याच्या काचेच्या बरणीत वाढवून ती बरणी टपालाने ऑल्बनीला रवाना व्हायची. ब्राऊनबाई त्या बरणीतून नेमकं द्रव्य रासायनिक पद्धतीने वेगळं काढायच्या आणि टपालानेच परत पाठवायच्या. मग पुन्हा तपासणी, उंदरांवर चाचणी. बरीचशी द्रव्यं बुरशीबरोबर उंदरालाही मारत, ती टाकून द्यावी लागत. अशा बरण्या येत जात राहिल्या.

मग एक माती लागली. सुट्टीत हेझनबाई व्हर्जिनिया राज्यातल्या फॉकीर परगण्यात नूर्स नावाच्या स्नेह्यांकडे गेल्या होत्या. त्यांचा गाईगुरांचा गोठा होता. तिथल्या मातीतला एक जिवाणू या सगळ्या चाचण्यांना उतरला. प्रयोगशाळेच्या वहीत त्याचा क्रमांक ४८२४०. त्याने सोडलेल्या द्रव्याची माहिती १९५० साली जाहीर झाली आणि न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्याला ‘निस्टॅटिन’ म्हटलं गेलं. १९५४ साली ते बाजारात आलं. तोंडात घालायचे थेंब, योनीत ठेवायच्या गोळ्या. बुरशीच्या पेशीच्या कातडीत जो स्निग्ध पदार्थ असतो त्याला हे औषध चिकटतं आणि कातडीला भोकं पाडतं. आपल्या पेशीत तो पदार्थ नसतो, म्हणून आपण वाचतो. स्वामित्वधनापोटी एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. दोघींनी त्यातला पैसाही घरी नेला नाही, सगळा विज्ञानसंशोधनासाठी दिला.

आता माझा भाग. हा ४८२४० नवा आहे हे कशावरून ठरवायचं? आपण भाजी ओळखतो पानावरून, मासा ओळखतो खवल्यावरून. जिवाणूला पान नाही आणि खवला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली निम्मे जिवाणू दांड्यासारखे दिसतात आणि निम्मे गोळ्यांसारखे. स्ट्रेप्टोमायसिस निदान तंतू काढतात. मग पाहायचं, तंतूच्या टोकाला बीजाणूंची माळ सरळ आहे की मळसूत्रासारखी वळलेली. वरून पिठूळ थर कोणत्या रंगाचा, राखाडी, पिवळसर की गुलाबी. खालचं पोषकद्रव्य कुठला रंग धरतं. कोणती साखर तो खातो आणि कोणतीला तोंड लावत नाही. या सगळ्याची नोंद करायची आणि आजवर वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी ताडून पाहायची. कुणाशीच जुळला नाही, तरच नवा. १९५३ साली ब्राऊन, हेझन आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने हे काम पुरं करून ‘स्ट्रेप्टोमायसिस नूर्सेई’ हे नाव दिलं. नूर्स कुटुंबाच्या मातीतला म्हणून नूर्सेई.

कुणी म्हणेल, बघा, शोध बायकांनी लावला आणि नाव लागलं जमीनमालकाचं. तसं नाही. आपल्या शोधाला स्वतःचं नाव देऊ नये हा या शास्त्रातला जुना संकेत आहे, आणि तो चांगला आहे. हेझनबाईंच्या नावाचा जिवाणूही आता आहे. त्यांच्याच जुन्या प्रयोगशाळेच्या पुढच्या पिढीने २०१३ साली एका नव्या वंशाला ‘हेझनेला’ असं नाव दिलं.

जाती हा शब्द मी सहज वापरते आहे, आणि तो वापरताना आपल्याला थोडं अडखळायला होतं. आम्ही ज्याला जाती म्हणतो ती जन्माने चिकटलेली आणि कायमची नसते. पुरावा बदलला की बदलते. आज एका वंशात असलेला जिवाणू उद्या दुसऱ्या वंशात जातो, दोन जाती एकच निघाल्या की एक नाव रद्द होतं, आणि कुणाचा अपमान होत नाही. १९८० साली तर जगभरच्या वर्गीकरणवाल्यांनी जुनी पाटी पुसली. तोवर हजारो नावं साठली होती. कित्येकांचं वर्णन अपुरं होतं, कित्येकांचा मूळ नमुनाच कुणाकडे नव्हता. ज्यांची ओळख पक्की अशी सुमारे २,५०० नावं ठेवली आणि बाकीची यादीबाहेर काढली. तेव्हापासून नव्या नावांची मोजदाद सुरू आहे. आता ती वीस हजारांच्या वर गेली आहे.

इतकी नावं साठली कशी, यातही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. १९५०च्या दशकात औषध कंपन्यांना पेटंट हवं होतं, आणि पेटंटासाठी जिवाणू नवा दाखवणं सोयीचं होतं. रंगात जरा फरक दिसला की नवी जाती. एकट्या स्ट्रेप्टोमायसिसमध्येच नावांचा असा पसारा झाला की १९६०च्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांना एकत्र येऊन, एकाच पद्धतीने, सगळे मूळ नमुने पुन्हा तपासावे लागले. पैशासाठी दिलेलं नाव निस्तरायला दुसऱ्यांनी वर्षं घालवली. हा गोंधळ आवरण्यात मेरी लशवालिए या बाईंचा मोठा वाटा. वरच्या रंगरूपावर न जाता पेशीच्या भिंतीत कोणतं रसायन आहे ते पाहून या जिवाणूंचे गट पाडता येतात, हे त्यांनी आणि त्यांचे पती ह्युबर्ट यांनी दाखवून दिलं. रंग फसवतो, भिंत सहसा फसवत नाही.

आज आम्ही त्याच्याही पुढे जातो. प्रत्येक जिवाणूत एक जनुक असतं, साधारण १,५०० अक्षरांचं, प्रथिनं बनवण्याच्या यंत्रणेतलं. ते फार सावकाश बदलतं. कार्ल वोज या शास्त्रज्ञाने १९७७ साली त्यावरून सबंध जीवसृष्टीची वंशावळ मांडली. नवा जिवाणू हाती आला की ते जनुक वाचायचं. ओळखीच्या जातीशी ते ९८.७ टक्क्यांहून कमी जुळलं तर नवी जाती असण्याची दाट शक्यता. त्याहून जास्त जुळलं तर सगळाच्या सगळा जनुकसंच वाचून ताडायचा. तिथे ९५-९६ टक्क्यांच्या खाली आलं की वेगळी जाती. एवढ्यावर थांबायचं नाही. भिंतीतलं रसायन, स्निग्ध आम्लं, साखरेच्या चाचण्या, किती मीठ सोसतो, किती उष्णता सोसतो, हेही सगळं हवं. मग शोधनिबंध. आणि जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत जमा करायचा, म्हणजे कुणालाही तो मागवून पडताळता येईल. एका जिवाणूमागे वर्ष-दोन वर्षं सहज जातात. एवढं करूनही जे प्रयोगशाळेत वाढतच नाहीत ते राहतातच, आणि मातीतले बहुतेक जिवाणू वाढत नाहीत. २०१५ साली अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या गवताळ रानातला असाच एक हट्टी जिवाणू चक्क मातीतच, छोट्या छोट्या कप्प्यांत ठेवून वाढवला गेला आणि त्यातून ‘टेक्सोबॅक्टिन’ हे नवं द्रव्य मिळालं.

माती आपलीही आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना सुरू झाला. देशात पेनिसिलिन बनवायचं, परदेशी कंपन्यांच्या दरावर अवलंबून राहायचं नाही, हा हेतू. तिथे संशोधन विभाग होता, आणि डॉ. तिरुमलाचार यांच्या गटाने पिंपरीच्याच मातीतून एक स्ट्रेप्टोमायसिस वेगळा केला. त्याला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ म्हटलं, आणि त्यातून १९६१ साली मिळालेल्या बुरशीनाशकाला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’. तोंड येणं, कानातली बुरशी आणि योनीतली बुरशी यांवर ते वापरलं गेलं. निस्टॅटिनच्याच घराण्यातलं औषध, पण आपल्या मातीतलं आणि सरकारी कारखान्यातलं. १९९०च्या दशकात हा कारखाना आजारी उद्योगांत जमा झाला. तो का आजारी पडला हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. मला एवढंच वाटतं की औषधाच्या किमतीवर मोर्चे काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी पिंपरीची गोष्ट पाठ करून ठेवायला हवी.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरातूनही नव्या जाती निघाल्या आहेत. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्राने त्यांचं वर्णन केलं. २०१० साली ‘इंडिबॅक्टर अल्कलिफिलस’ आणि २०१२ साली ‘सेसेंबिया लोणारेन्सिस’. यातलं ‘सेसेंबिया’ म्हणजे त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार. आमच्या लोकांनाही विनोद सुचतो कधीकधी.

नाव कुणाचं लागतं हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण दुसरी गोष्ट तितकी गोड नाही. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन. तेही मातीतल्या जिवाणूचं, स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसचं. हे औषध जाहीर करणारा निबंध जानेवारी १९४४चा. त्यावर तीन नावं आहेत: अल्बर्ट शॅट्झ, एलिझाबेथ ब्युजी, सेल्मन वॅक्समन. पेटंटावर मात्र दोनच नावं, शॅट्झ आणि वॅक्समन. ब्युजीकडून, या शोधात आपला वाटा नाही असं लिहून घेतलं होतं. पुढे तिच्या घरच्यांनी जे सांगितलं ते असं: तिला बाजूला घेऊन समजावलं गेलं की तू आज ना उद्या लग्न करशील, मुलंबाळं होतील, पेटंटावर तुझं नाव असण्याला तसा काय अर्थ आहे. शॅट्झने १९५० साली कोर्टात जाऊन सहसंशोधक म्हणून मान्यता मिळवली. तरी १९५२चं नोबेल वॅक्समन यांना एकट्यालाच. ब्युजी तर त्या भांडणातही कडेलाच राहिली. सातबाऱ्यावर नाव लावा म्हणून आपण जे झगडतो, त्यातलंच हे वाक्य आहे. फक्त बोलणारे विद्यापीठातले होते.

सातबाऱ्यावरून वसईच्या मातीकडे येते. इथल्या मातीत फार विविधता आहे. किनाऱ्याच्या पट्ट्यात रेताड वाड्या, केळी, पानवेली, भाजीपाला, फुलं. पाणी धरून ठेवणारी बावखलं. खाडीच्या बाजूला खाजण आणि मिठागरं. पूर्वेला भाताची खाचरं आणि त्यामागे तुंगारेश्वरचा डोंगर. मिठागराच्या चिखलात जे जिवाणू जगतील ते वाडीत जगणार नाहीत, आणि बावखलाच्या गाळातले डोंगरावर सापडणार नाहीत. प्रत्येक माती म्हणजे वेगळी वस्ती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीत तुमच्यापैकी काही जणी, निदान तुमच्या सासवा तरी असतील. तेव्हा लढा पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी होता. मला त्यात मातीचाही हिशेब धरावासा वाटतो. बावखलावर डबराचा भराव पडतो तेव्हा पाणी जातं हे सगळ्यांना दिसतं. त्या गाळात कोण राहत होतं याची मोजणी कुणी केलेली नसते.

जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्याच्या व्याख्येत वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही आहेत. म्हणजे इथल्या मातीतला जिवाणू बाहेरच्या कंपनीने न विचारता उचलून न्यायचा नाही. हळदीच्या पेटंटाचा अनुभव ताजा होता. १९९५ साली अमेरिकेत ते दिलं गेलं आणि १९९७ साली रद्द करून घ्यावं लागलं. कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. २००४च्या नियमांत या समितीत किमान एक तृतीयांश बायका असाव्यात असं लिहिलं होतं. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आहे, तेव्हा आजचे नियम वाचून घ्या. पण आपल्या ग्रामपंचायतीत आणि महानगरपालिकेत ही समिती आहे का, तिच्यात कोणत्या बायका आहेत, त्यांना बैठकीची नोटीस जाते का, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्यासारख्यांना या कायद्याने एक अडचणही केली आहे. नाव मान्य व्हायला नमुना परदेशी संग्रहात ठेवून सर्वांना खुला करायचा, आणि कायदा म्हणतो मंजुरीशिवाय बाहेर द्यायचा नाही. यातून वाट काढताना दमछाक होते. तरी कायदा नसावा असं मी म्हणणार नाही.

आता ज्यासाठी आले ते. एका गोठ्यातल्या मातीच्या जिवाणूची ओळख पटवायला माणसं इतका खटाटोप करतात. मग बाईच्या अंगावरून जे जातं त्यामागे नेमका कोणता जीव आहे, हे ओळखायला कोण किती वेळ देतं?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास जानेवारी १९८९च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी. त्यात ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. कुटुंबनियोजनापलीकडेही बाईला शरीर असतं, हे त्या आकड्यांनी सरकारला ऐकवलं. त्यानंतर बराच काळ गेला. कार्यक्रम आले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून रंगांची पाकिटं आली. अंगावरून जातं म्हटलं की हिरवं पाकीट. त्यात एक गोळी बुरशीवरची आणि दुसरी इतर जंतूंवरची. जिथे प्रयोगशाळा नाही, बाई दहा मैल चालून आलेली आहे आणि पुन्हा येईलच असं नाही, तिथे हे पाकीट वरदान आहे. त्याची टिंगल मी करणार नाही. पण जिथे सूक्ष्मदर्शक आहे तिथेही लक्षण ऐकून पाकीटच हातात ठेवणं, हे मला पटत नाही. दोन औषधांपैकी एक तिला नको असतं. कधी दोन्ही नको असतात, कारण पांढरं जाणं हे पाळीच्या मध्यात किंवा गरोदरपणात स्वाभाविकही असतं. आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला आजार, अगदी कर्करोगसुद्धा, त्या पाकिटाआड राहून जाऊ शकतो.

तपासणी किती अवघड आहे? काचेच्या पट्टीवर स्रावाचा एक थेंब मिठाच्या पाण्यात आणि दुसरा पोटॅशच्या द्रावणात. सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्डिडा असेल तर तंतू आणि कळ्या दिसतात. ट्रायकोमोनास असेल तर तो शेपटी हलवत पोहताना दिसतो. तिसऱ्या प्रकारात पेशींवर पीठ भुरभुरल्यासारखे जंतू चिकटलेले असतात आणि पोटॅश घातल्यावर मासळीसारखा वास येतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम. थुंकीच्या तपासणीसाठी ज्या आरोग्यकेंद्रात सूक्ष्मदर्शक आहे तिथे हे होऊ शकतं. यंत्र तेच, फक्त काचेची पट्टी वेगळी. हवा आहे तो आडोसा, एक टेबल, आणि न ओरडता तपासणारी बाई.

तीच गोष्ट नखुरड्याची. दिवसभर पाण्यात हात असलेल्या बायकांचं नख सुजतं, दुखतं, महिनोन्‌महिने हटत नाही. मासळीवाल्या, धुणीभांडी करणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या. त्यातही पुष्कळदा कॅन्डिडा असते. भात लावताना पायाला चिखल्या होतात, त्यातही जिवाणू की बुरशी हे पाहिल्याशिवाय कळत नाही. बाई दुकानातून दहा रुपयांचं मलम आणते. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, आणि बुरशी आतून वाढते. हा कामाच्या ठिकाणचा आजार आहे आणि त्याची नोंद कुठेच नाही.

घरी एवढं सांगा. पांढरं जाण्याला वास, रंग, खाज असेल, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, तर दुकानातली गोळी नको, तपासणी हवी. कुठल्याही तापावर अँटिबायोटिक घेतल्यानंतर खाज सुटली, तर डॉक्टरला ते औषध कोणतं होतं ते सांगायचं. आत धुण्यासाठी डेटॉल वापरायचं नाही. त्याने पहिल्यांदा मरतात ते आपले राखणदार जिवाणूच. आणि वस्तीतल्या आरोग्यकेंद्रात पुढच्या वेळी निवेदन घेऊन जाल तेव्हा नेहमीच्या मागण्यांमध्ये एक ओळ घाला: स्त्रावाची सूक्ष्मदर्शक तपासणी कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोण करणार, ते फलकावर लिहा.

निवेदनाचा मसुदा मी संयोजकांकडे दिला आहे. त्यात तपासणीच्या साहित्याची यादीही जोडली आहे, म्हणजे ‘साहित्य नाही’ हे उत्तर आलं तर काय नाही तेही त्यांना लिहून द्यावं लागेल. आता प्रश्न विचारा. जे मोठ्याने विचारता येणार नाहीत ते चिठ्ठीवर लिहून द्या, नाव न घालता.